दप्तरातला फणस

आमच्या घराण्यातला एक पुरुष पानिपतावर पडला, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे कळलं की शेजाऱ्यांचाही एक पडला होता, आणि समोरच्यांचे तर दोन. 14 जानेवारी 1761 ला जे जिवंत परतले, त्यांचे वंशज कुठे राहतात ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर ठरवलं, आपला वीर शोधायचा. आमच्या भागातल्या वाचनालयात दर शनिवारी मोडी वाचणारी मंडळी जमतात. एक निवृत्त तलाठी, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, त्यांना दोनशे वर्षांपूर्वीची सहीसुद्धा संशयास्पद वाटते. आणि एक इंजिनिअर, ज्यांनी स्वतःच्या घराण्याचं एक्सेल केलंय आणि आता दुसऱ्यांची घराणी शोधत असतात.

भाऊंनी पहिलाच प्रश्न विचारला, “घराण्यात भांडणं कितपत?”

“भरपूर,” मी ओशाळून म्हणालो.

“मग काळजी नको. शांत माणसाचा कागद होत नाही.”

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेले कागद होते. दप्तरखान्यात अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. आमच्याकडे त्याला झुरळांचं घर म्हणत. तो मी शनिवारी घेऊन गेलो. मोडी म्हणजे आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, दोरीवर धोतरं वाळत घालावीत तशी. दोन शब्दांत जागा नाही, ह्रस्व-दीर्घाची पंचाईत नाही. लिहिणाऱ्याला उसंत मिळायची ती बोरू शाईत बुडवण्यापुरती. वाचणाऱ्याला तीही नाही.

कागद शके 1771 चा होता. त्यात 78 मिळवले की 1849. तिसऱ्या ओळीत मला ‘पडला’ हा शब्द लागला आणि अंगावर काटा आला. म्हटलं, सापडलं पानिपत! भाऊंनी चष्मा पुसून मागचे शब्द लावले: “फणस... हद्दीपलीकडे... पडला.”

आमच्या खापरपणजोबांच्या वडिलांनी सख्ख्या चुलत भावावर केलेली ती फिर्याद होती. झाड यांच्या आवारात, फांदी त्यांच्या. पडलेला फणस कुणाचा? अशा वादात आपला हक्क कुठून आला ते पिढ्यांसकट सांगावं लागे. तशी हकिकत त्यांनी दिली होती: विष्णू बिन गणेश, गणेश बिन विष्णू, विष्णू बिन गणेश. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या पद्धतीमुळे आमचा वंशवृक्ष हा वृक्ष नसून झोपाळा आहे, हे मला तेव्हा कळलं.

झाड आपल्या पणजोबांनी लावलं, असं फिर्यादीत म्हटलं होतं. इंजिनिअरांनी पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरून हिशेब केला आणि जड अंतःकरणाने सांगितलं, “पानिपतच्या सुमारास तुमचे मूळपुरुष घरी होते. फणस लावत होते.”

पुढच्या पिढ्यांसाठी मंडळींनी मला नाशिकला धाडलं. रामकुंडावर उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं, बाड काढलं आणि थेट आजोबांचं अक्षरच समोर ठेवलं. साल 1931. सगळ्या भावाबंदांची नावं ओळीने लिहिलेली, फक्त त्या चुलत घराण्यातलं एकही नाही. फणस पडून 82 वर्षं झाली होती, तरी तो पडतच होता.

सगळं जुळवून मोठ्या कागदावर काढलं आणि कौतुकाने आत्याला दाखवायला नेलं. आत्या 89 वर्षांची. तिने कागद डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत पाहिला.

“सगळे बाप्येच? यांना काय त्या फणसाने जन्म दिला?”

जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे ‘कोम’ लिहीत, म्हणजे अमक्याची बायको. पण तेही बहुतेकदा तिच्यावर दाव्यात उभं राहायची पाळी आली तर. आमच्या रुमालात एकही कोम नव्हती. आत्याने तांदूळ निवडता निवडता आजी, पणजी, खापरपणजी, त्यांच्या जावा, सगळ्यांची माहेरं सांगितली. कोण तापाने गेली, कोण बाळंतपणात, कुणाच्या हातच्या सांदणांना चव होती, तेही. माझं पेन पुरेना.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी? आणि त्या झाडाचे फणस मी लहानपणी खाल्लेत. बरका होता. कापा असता तर भांडण समजलं असतं.”

आता वहीत सोळा बायकांची नावं आहेत, माहेरासकट. तुमच्याकडेही अशी एखादी आत्या असेल, तर आधी तिच्याकडे जा. दप्तरखाना पुढच्या वर्षीही उघडा असेल. आणि जाताना फणस न्या. कापा.