घरच्या समुद्रातले बिनतिकीट पाहुणे

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे आणि समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर लांब. तेव्हा घरात प्रवाळांचं मत्स्यालय करायला याहून सोयीचं गाव नाही. इथला आयटीतला मराठी माणूस एकतर रविवारी बासुंदी आटवतो, नाहीतर हॉलमध्ये दोनशे लिटरचा समुद्र बसवतो. बासुंदी स्वस्त पडते. तरीही तुमचं ठरलंच असेल, तर माझ्या तीन वर्षांच्या अनुभवाचा लाभ घ्या. टाकीत मी पैसे मोजून आणलेलं जवळपास काहीही शिल्लक नाही, म्हणजे मला आता तज्ज्ञ म्हणायला हरकत नसावी.

१. आधी पाणी तयार करा. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर वर चढवून शहरात आणलेलं असतं. ते आरओमधून काढा. लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. त्या वेळी दुसरीकडे बघा. मग या गोड्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने सात किलो परदेशी मीठ विरघळवा. २०२४ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला इथे ५,००० रुपये दंड होता. घरात समुद्र करणाऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मी दोनदा वाचून खात्री केली.

२. आता खडक. साधा नाही, ‘लाइव्ह रॉक’ लागतो. त्याच्या भोकाभोकांत जिवाणू असतात आणि माशांच्या घाणीतला अमोनिया ते निस्तरतात. दुकानदार म्हणेल, “सार्, फुल लाइफ इदे.” तो खरं बोलतोय. ज्या ‘लाइफ’साठी तुम्ही किलोच्या भावाने पैसे देणार, तेच मारण्यात पुढची तीन वर्षं जाणार आहेत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. आपल्या समुद्रातले खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तेव्हा कोणी समुद्रातून काढलेला खडक दाखवला तर फक्त बिल मागा. समोरच्याला लगेच दुसरं गिऱ्हाईक आठवतं. तुम्ही आपला सिरॅमिकचा खडक घ्या.

तो जिवंत व्हायला काही महिने लागतात आणि तेवढा धीर कुणाला नसतो. म्हणून ऑनसाइटला निघालेला सहकारी शोधा. बंगळुरात असा एक कायम असतो. तो आपल्या टाकीतला मुरलेला खडक फुकट देतो आणि वर म्हणतो, “एकदम क्लीन आहे रे.” मला चार किलो मिळाला. देणारा आता डॅलसला सुखी आहे.

३. आलेला खडक चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, म्हणजे पाहुणे कोण आलेत ते कळतं. टू-बीएचकेमध्ये वेगळी टाकी म्हणजे बाथरूममधली बादली. बादलीत हीटर, पंप आणि दिवा. आंघोळीचं काय, हा प्रश्न घरच्यांना पडेल. त्यांना क्वारंटाइनचं शास्त्र समजावून सांगा.

याच काळात घरातलं अनुभवी माणूस सुचवेल, “एकदा उकळून का नाही घेत?” इथे मात्र थट्टा नाही: उकळू नका. खडकावर झोअँथिड नावाचे, शर्टाच्या बटणाएवढे जीव असू शकतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. ते वाफेतून नाकात गेलं म्हणून परदेशांत घरंच्या घरं इस्पितळात गेली आहेत.

४. खडक टाकीत गेला की ओळखपरेड रात्री एकनंतर करा. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर गुंडाळा (गणपतीच्या मखराचा उरलेला चालतो), कारण यातल्या बहुतेकांना लाल उजेड जाणवत नाही. मग काचेला नाक लावून बसा. पहिल्या रात्री मला खडकाच्या भोकातून एक गुलाबी, केसाळ दोरा बाहेर येताना दिसला. बोटभर आला, थांबला, पडलेला खाऊचा दाणा तोंडात धरून तस्साच उलटा आत गेला, लोकलच्या दारातल्या माणसाने आत सरकून घ्यावं तसा. हा ब्रिसलवर्म. सकाळी आमच्या कामाच्या बाईंनाही दिसला. “अय्यो, हुळ!” एवढं बोलून त्यांनी त्या कोपऱ्यात झाडू मारणं कायमचं सोडलं.

नवशिक्याने ब्रिसलवर्म दिसताच घाबरून चिमट्याने ओढावा, अशी पद्धत आहे. तो अर्धा तुटतो आणि त्या अर्ध्याचाही पुढे पूर्ण होतो. हाताने धराल तर खाजकुइली. चिकटपट्टी लावून एकेक केस उपटत बसावं लागतं. वास्तविक हा बिचारा उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतो. घरात न सांगता काम करणारा तेवढाच एक, म्हणून त्याच्यावर संशय सगळ्यात जास्त.

५. ऐप्टेसिया. इथे पेन घ्या.

हे एक बोटाच्या पेराएवढं, चहाच्या रंगाचं समुद्रफूल. पहिल्यांदा दिसतं तेव्हा तुम्हाला आनंद होतो. फोटो काढता, आईला पाठवता, “बघ, आपोआप उगवलं!” आई म्हणते, छान. आठवड्यात सात होतात. ती शेजारच्या महागड्या प्रवाळांना दंश करत पसरतात. तुम्ही एक खरवडून काढता, आणि तळाची चिमूटभर चिकटून राहिलेली प्रत्येक चिंधी नवं फूल होते. रक्तबीजाची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. हा त्याचा खाऱ्या पाण्यातला वारस.

यावर रामबाण उपाय चुना. खरोखरचा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. लेपासारखा कालवा, सिरिंजमध्ये भरा, पाण्याचा पंप बंद करा आणि ऐप्टेसियाच्या तोंडावर हलकेच सोडा. हात लागला की ते भोकात आखडतं, म्हणून श्वास रोखून. एका रात्री मी अकरा फुलांना चुना लावला. नंतर हिशेब केला, तेव्हा लक्षात आलं की त्या महिन्यात चुना बाराजणांना लागला होता.

कारण चुना कमी पडला की भक्षक विकत घ्यावे लागतात. पेपरमिंट झिंगा ऐप्टेसिया खातो. पण दुकानात त्याच्या नावाखाली हुबेहूब दिसणारा कॅमल झिंगा मिळू शकतो, आणि तो प्रवाळ खातो. चोचवाला कॉपरबँड मासा खातो, किंवा काहीच न खाता दोन आठवड्यांत मरतो. बर्गिया नावाची शंखाविना गोगलगाय ऐप्टेसियाशिवाय कशालाच तोंड लावत नाही. सगळं संपवलं की ती उपाशी मरते. असा प्रामाणिक कंत्राटदार मी दुसरा पाहिला नाही.

६. रात्री टाकीतून टक् टक् आवाज येतो? पिस्तूल झिंगा असेल तर झोपा. मँटिस झिंगा असेल तर मासे मोजा. यातल्या ठोसेबाज जातीचा फटका २००४ साली मोजला गेला: सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर. सिल्क बोर्डच्या चौकात हा वेग कोणी पाहिलेला नाही. १९९८ मध्ये इंग्लंडात ग्रेट यारमथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या चार इंची मँटिसने टाकीची काच फोडली होती. उपाय: त्याचा खडक बाहेर काढा आणि बिळात थंडगार साधा सोडा ओता. बाहेर आल्यावर बोटं त्याच्यापासून लांब ठेवा.

७. मासे कमी होतायत, प्रवाळ अर्धे कापल्यासारखे दिसतायत आणि कोणीच सापडत नाही? कॉर्नवॉलमधल्या न्यूकीच्या मत्स्यालयात २००९ साली हेच चाललं होतं. शेवटी सगळा देखावा उपसला, तेव्हा आतून चार फुटी बॉबिट अळी निघाली. तिचं नाव त्यांनी बॅरी ठेवलं. ही जात तीन मीटरपर्यंत वाढते. तुमच्याकडे असेल, तर घरमालकाला इतक्यात सांगू नका. त्यांच्याकडे तुमचं दहा महिन्यांचं डिपॉझिट आहे.

८. केसाळ खेकडा: काढा. काळ्या टोकाच्या नांग्या: नक्की काढा. नखाएवढ्या पांढऱ्या तारामाशांवर तज्ज्ञांत दोन तट आहेत. तुम्ही कुठल्याही तटात जा, तारामासे तुटून दुप्पट होत राहतात.

९. दर महिन्याला शिरगणती करा. माझी परवाची: विकत घेतलेले मासे नऊ, पैकी हयात एक. विकत घेतलेले प्रवाळ सहा, हयात एक, तोही रुसलेला. न बोलावता आलेले: ब्रिसलवर्म असंख्य, तारामासे चाळीसच्या पुढे, ऐप्टेसिया मोजणं सोडलं. गेल्या महिन्यात सलग सात तास वीज नव्हती. आठवा मासा गेला तो तेव्हाच. बिनतिकीट पाहुण्यांतल्या एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.

कुणाला ऐप्टेसिया हवा असल्यास आमच्याकडे फुकट मिळेल. येताना घट्ट झाकणाचा डबा आणावा.