मायचं साल

आमच्या भडगावकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. वर्षाची रक्कम, वर धान्य, कपडे, उचल किती. रात्रीचं पाणी कोण धरणार, शेण कोण उचलणार, सगळं ओट्यावर बसून बोललं जातं. रुपया-रुपयावरून घसे बसतात. हा व्यवहार खान्देशी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही.

यंदा बोलणी ऐन रंगात असताना माय चहा घेऊन आली. नुकत्याच बिबड्या-कुरडया आटोपून ती सणाच्या पुरणाला लागली होती. कप ठेवत आप्पांना म्हणाली, "आते मनं बी साल ठरावा."

आप्पा हसले. सालदार हसला नाही.

मी पेपर वाचणारा माणूस, म्हणून आकडे माझ्याकडे आले. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं, करणाऱ्या पुरुषांची 88.

"88?" आप्पा दचकले. "कुठले गडी हे?" आपल्या तालुक्यातले नसावेत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मग मुरलेल्या मालकासारखे म्हणाले, "पण दोन वेळचं जेवण वजा करावं लागेल."

"जेवन मीच रांधस. ते वजा कसं करशात?"

इथे आप्पांनी सरकारचा आधार घेतला. लाडकी बहीण म्हणून महिन्याला 1500 येतातच की!

"ते बहीनना. बायकोना कोन दी?"

मी कोर्टाकडे वळलो. जमशेदपूरला 1989 मध्ये लागलेल्या आगीत बळी गेलेल्या गृहिणींच्या घरकामाची किंमत सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये महिन्याला 3000 रुपये धरली होती. पुढच्या निकालांतही हा हिशोब बहुधा अपघाताच्या भरपाईपुरताच निघाला.

"म्हंजे भाव लागाले पहिले मरनं पडस?"

याला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. देशाच्या उत्पन्नातही तिची भाकरी धरत नाहीत, हे मी गिळलं. ती भाकरी खाणावळीत थापली असती तर धरली असती.

सालदार आता सावरून बसला होता. मायसारख्या चाळीस वर्षं अनुभवाच्या गड्याचा भाव फुटला, तर आपलाही चढणार, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. "आप्पा, पहिले मायनं ठरू द्या," तो म्हणाला. "मनं मंग बोलूत."

माय रिकामे कप गोळा करू लागली. "पैसानं ऱ्हाऊ द्या. साल सरनं का सालदारले दुसरा मालक दखता येस. मले तेवढं लिखी द्या."

सकाळपासून ज्या आकड्यावर आप्पा अडून बसले होते, तो त्यांनी सालदाराला तिथल्या तिथे कबूल केला.