साडेचारशे फुटांतली पेशवाई

पुण्याच्या पेठांतले वाडे पाडून इमारती उठल्या. आता त्या इमारतींतल्या वन बीएचकेंना वाडा व्हायची हौस आली आहे. विश्रामबागवाड्याचे (१८०७) सुरूचे खांब बघून यायचं आणि तसेच अर्धे, पीओपीचे, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे. खरी गंमत कोनाड्याची. वाड्याच्या भिंती दोन-दोन हात जाड, म्हणून त्यांच्या पोटात कोनाडा बसायचा. इथली भिंत चार इंची. कोरायला जावं तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात हात निघेल. मग प्लायवूडची खोटी भिंत पुढे आणायची, तिला कोनाडा पाडायचा, आत एलईडी पणती. यात खोलीचं फूटभर गेलं, पण ‘लुक’ आला! पितळी कड्यांचा झोपाळा हवाच. फॉल्स सीलिंग त्याचा भार घेत नाही, म्हणून तो लोखंडी स्टँडवर. झोका घेतला की पाय फ्रिजला लागतात, तेव्हा त्यावर इस्त्रीचे कपडे बसतात. तांब्याच्या बंबात मनीप्लांट. उंबरठा मात्र काढला, झाडू मारणारा रोबो अडखळतो. आणि मागच्या अंगणातला, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक असा संडास? त्या अस्सलपणाची चौकशी अजून एकाही इंटीरियरवाल्याकडे कुणी केलेली नाही.