बेतबहाद्दर

ज्या गृहस्थाच्या विम्याचा हप्ता मुदतीच्या आठ दिवस आधी भरला जातो, ज्याच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत दूधवाल्याचे खाडे वर्षानुवर्षे बिनचूक नोंदलेले आहेत आणि जो मृग निघण्यापूर्वीच छत्रीच्या काड्या तपासून घेतो, त्याच गृहस्थाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पणजीला जाऊन मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर जुगार खेळावा अशी अनावर ऊर्मी व्हावी, हे मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकांनी अवश्य विचारात घ्यावे असे कोडे आहे. हा गृहस्थ एकटादुकटा नव्हे. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेत आणि दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्या प्रत्येक मित्रमंडळात त्याचा एकेक प्रतिनिधी असतोच असतो. मी त्याला बेतबहाद्दर म्हणतो. इतर माणसे सहलीला जाता यावे म्हणून बेत आखतात. बेतबहाद्दर बेत आखता यावा म्हणून सहलीला जातो.

सुरुवात नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी निष्काळजी वाक्याने होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री डाव रंगलेला असताना, लवकर पॅक झालेला एखादा स्नेही चकलीचा तुकडा मोडीत म्हणतो, "एकदा गोव्याला जाऊन खरा कॅसिनो बघायला पाहिजे." या विधानाची जबाबदारी चकली संपेपर्यंतच आपल्यावर राहील, अशी त्या बापड्याची समजूत असते, परंतु भाऊबीजेला त्याच्या हाती प्रयोजन, प्रयाण, निवास, जोखीम आणि परतीचा प्रवास अशा कलमांत विभागलेला मसुदा पडतो, आणि खाली त्याच्या सहीसाठी जागा कोरी ठेवलेली असते.

मग सुरू होते ते रेल्वेच्या आरक्षणाचे पर्व. पूर्वी गाडीचे आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती मुदत ६० दिवसांवर आली. हा फेरफार प्रवाशांच्या सोयीसाठी झाला असे सरकार म्हणते; बेतबहाद्दराच्या मते सरकारने त्याच्या निर्मळ आनंदाचे निम्मे दिवस कोणतीही नोटीस न देता जप्त केले. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी थिवीला उतरावे की करमळीला, थिवीस उतरल्यास पणजीपर्यंतचे भाडे किती वाढते, कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक संपण्यापूर्वीची तारीख धरल्यास किती वेळ जास्त लागतो, खालचा बर्थ साडूला द्यावा की साडूच्या गुडघ्याविषयी आधी वैद्यकीय पुरावा मागावा, या प्रश्नांचा जो ऊहापोह तो करतो त्यात त्याचे मुखमंडल असे काही उजळून निघते, की पुढे प्रत्यक्ष गोव्यात तसे तेज त्याच्या चेहऱ्यावर कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही.

कायद्याचा अभ्यास हे या बेताचे दुसरे अंग. आपण जेथे पैसे हरणार आहोत तेथे ते कायदेशीर रीतीने हरले जावेत, असा त्याचा कटाक्ष असतो. त्या निमित्ताने तो मंडळींना एक कथा ऐकवतो, आणि ती ऐकण्यासारखी आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोंचे नियंत्रण करून त्यांच्यावर कर बसवणारा कायदा संमत केला, आणि त्याच साली गोव्यात जुगाराला आळा घालणारा कायदा झाला. म्हणजे एकाने दार उघडण्याची तजवीज केली आणि दुसऱ्याने कडी लावली. पुढे मात्र नियतीने, अथवा नियतीपेक्षाही समर्थ अशा महसूल खात्याने, फासे उलटे टाकले. गोव्याने १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक खेळांना मुभा दिली आणि १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांत पटावरच्या खेळांनाही परवानगी देणारी दुरुस्ती केली. महाराष्ट्राचा कायदा मात्र एक दिवसही अंमलात न येता दप्तरात निजून राहिला, आणि ४७ वर्षांच्या गाढ निद्रेनंतर २०२३ साली रद्दबातल झाला. ही हकिकत सांगताना बेतबहाद्दराचा कंठ दाटून येतो. अंमलबजावणीचा डाग अखेरपर्यंत न लागलेला इतका शुद्ध बेत त्याच्या पाहण्यात दुसरा नाही.

बेताच्या दोन आवृत्त्या असतात. खाजगी आवृत्ती मित्रांपुरती. सार्वजनिक आवृत्ती घरच्यांसाठी. ईश्वराची कृपा अशी, की गोव्यात जितक्या मराठी घराण्यांची कुलदैवते आहेत तितकी निमित्ते आयतीच उपलब्ध आहेत. तेव्हा सार्वजनिक आवृत्तीत मंगेशीचे दर्शन, कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी आणि वेळ उरल्यास म्हार्दोळची म्हाळसा एवढाच कार्यक्रम लिहिलेला असतो, आणि सायंकाळी सहा ते रात्री अकरा या काळापुढे 'चिंतन' अशी मोघम नोंद असते. परंतु खाजगी आवृत्तीतील एक कलम सार्वजनिक पेटीत शिरल्याखेरीज राहत नाही. जहाजांवर पुरुषांना चपला आणि अर्ध्या विजारी घालून सहसा प्रवेश मिळत नाही, म्हणून पेटीच्या तळाशी पॉलिश केलेले काळे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले असतात.

"अहो," पेटीत टॉवेल ठेवता ठेवता त्याची पत्नी विचारते, "मंगेशाच्या दर्शनाला हे बूट कशाला? ते तर बाहेरच काढायचे ना?"

"बाहेर काढायचे म्हणूनच चांगले हवेत," तो उत्तरतो. "चारचौघांच्या नजरेस पडतात."

यावर ती काही बोलत नाही. विवाहाला पंचवीस वर्षे झाली की स्त्रिया आपल्या पतीचे खोटे दुरुस्त करण्याऐवजी घडी घालून जागेवर ठेवतात.

अंदाजपत्रक हा या दस्तऐवजाचा गाभा. आठवड्याच्या अखेरीपेक्षा मधल्या वारी प्रवेशशुल्क कमी, म्हणून रजा बुधवार-गुरुवारची. प्रवेशातच जेवणखाण धरलेले, म्हणून त्या दिवशी दुपारचे जेवण हलके. शुल्काबरोबर मिळणाऱ्या काही चिप्स नुसत्या खेळण्यापुरत्या, परत देऊन रोकड मागता येत नाही, म्हणून त्यांचा हिशेब निराळा. आणि करापोटी पूर्वीचे २८ टक्के २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० झाले, म्हणून त्याबद्दल एक स्वतंत्र सुस्कारा. शेवटी ठळक अक्षरांत : 'तोटा, माणशी रुपये ५,०००, मंजूर.' तोट्यालाही पूर्वमंजुरी असली म्हणजे तो तोटा राहत नाही, खर्च होतो, हे त्याने सरकारी नोकरीत आत्मसात केलेले तत्त्वज्ञान.

"पण जिंकलो तर?" साडू एकदा भीत भीत विचारतात.

"तो विषय," बेतबहाद्दर चष्मा पुसत म्हणतो, "कार्यक्रमपत्रिकेवर नाही."

पणजी हे शहर बेतबहाद्दराच्या वाट्याला तसे फार थोडे येते. फोंतेन्यासच्या पिवळ्यानिळ्या घरांना पंचवीस मिनिटे, त्यांतील सात छायाचित्रांसाठी. आल्तिनोच्या टेकडीला दुरून नमस्कार. मात्र जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा १९४५ साली उभारलेला पुतळा आहे, तेथे तो वेळापत्रकाबाहेर क्षणभर रेंगाळतो. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसात संमोहनाचे प्रयोग केले, आणि संमोहनाचे सामर्थ्य करणाऱ्याच्या हातात नसून ज्यावर ते होते त्याच्याच मनात असते, असे प्रतिपादन केले. पुतळ्यातला दोन्ही हात पसरून उभा असलेला फारिया आणि त्याच्यापुढे संमोहित होऊन कोसळत चाललेली स्त्री यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, नदीत, रात्र पडताच जहाजांवरचे दिवे लागतात. फारियाला आपल्या सिद्धान्ताचे याहून भव्य प्रात्यक्षिक मिळाले नसते. बेतबहाद्दर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो आणि धक्क्याकडे वळतो. त्याच्यावर कोणतेही संमोहन चालणे अवघड, कारण मन रिकामे असण्याची वेळ त्याने वहीत कोठेच राखून ठेवलेली नसते.

धक्क्यावरून छोट्या बोटीने जहाजावर गेल्यानंतर त्याच्या जीवनातील एक महत्त्वाची घटना घडते : त्याला आपल्याहून मोठा बेतबहाद्दर भेटतो, तो म्हणजे खुद्द कॅसिनो. बाकीची मंडळी दिव्यांच्या झगमगाटाने दिपलेली असतात. हा मात्र व्यवस्था न्याहाळीत असतो. २१ वर्षांखालील कोणाला आत सोडीत नाहीत. २०२० पासून खुद्द गोवेकरांनाही खेळाच्या दालनात मज्जाव आहे. यजमानाने स्वतःच्या मुलांना पंगतीतून उठवून पाहुण्यांना आग्रह करावा, तसा हा प्रकार. भिंतीवर घड्याळ दिसत नाही, कारण ते पाहून कोणी उठून जाईल. रुलेटच्या चक्राजवळ उभा राहून तो घरे मोजतो : शून्य ते ३६, म्हणजे ३७, आणि आकडा लागलाच तर देणे मात्र एकास ३५ चे. शंभर रुपयांमागे सरासरी पावणेतीन रुपयांच्या आसपास घराकडे जाणार, आणि हे कोणाचीही फसवणूक न करता, सर्वांसमक्ष, चक्रावर लिहून ठेवल्याप्रमाणे. ज्याला लोक दैवाचे मंदिर समजतात तेथे दैवाला पाय टेकायला जागा नाही, हे ध्यानात येताच त्याचे हात आपसूक जोडले जातात. मंगेशीला सकाळी जोडले होते त्याहून किंचित अधिक भक्तीने.

मंजूर तोटा वेळापत्रकाबरहुकूम होत जातो. साडू साडेआठलाच आपली तरतूद संपवून बुफेकडे रवाना होतात आणि पनीरच्या रूपाने प्रवेशशुल्क वसूल करू लागतात. अकराची परतीची बोट जवळ येते, तेव्हा बेतबहाद्दराजवळ पाचशे रुपये अखर्चित शिल्लक असतात. मार्चअखेर अनुदान परत जाऊ नये म्हणून रातोरात खुर्च्या खरेदी करणाऱ्या खात्यात त्याची हयात गेलेली. तो ती सारी शिल्लक १७ या आकड्यावर ठेवून टाकतो आणि वहीत 'शिल्लक निरंक' असे आधीच लिहितो. गोळी घरंगळते, अडखळते आणि १७ वर बसते.

भोवतालची अनोळखी माणसे टाळ्या पिटतात, कोणी पाठीवर थाप मारतो, साडू तोंडात गुलाबजाम घेऊन धावत येतात. मूळचे पाचशे धरून अठरा हजारांच्या चिप्स त्याच्यापुढे सरकवल्या जातात, आणि बेतबहाद्दराचा चेहरा पांढराफटक पडतो. हे पैसे लिहायचे कोठे? त्याच्या अंदाजपत्रकात जिंकण्याला सदर नाही. आयकर खात्याच्या विवरणपत्रात आहे, आणि तेथे अशा मिळकतीवर ३० टक्के दर आहे. सार्वजनिक आवृत्तीत तर ही रक्कम दाखवण्याची सोयच नाही, कारण ओटी भरणाऱ्या भक्ताला पस्तीस पट रोख परतावा देण्याची प्रथा शांतादुर्गेच्या देवस्थानात ऐकिवात नाही. "पुन्हा लावा, पुन्हा लावा!" असा चहूकडून पुकारा होतो, पण अकरा वाजलेले असतात, आणि ठरल्या वेळेनंतर हरणे हा नियमभंग ठरेल.

परतीच्या गाडीत तो खालच्या बर्थवर ताठ बसून रत्नागिरी येईपर्यंत हिशेब मांडतो, खोडतो, पुन्हा मांडतो. चिपळूणला चहा येतो तेव्हा नवा मसुदा तयार झालेला असतो, आणि साडूंच्या पुढे सहीसाठी धरला जातो. कलम पहिले, प्रयोजन : 'मागील दौऱ्यातील अखर्चित रकमेचा तोट्याच्या सदरात यथायोग्य विनियोग करणे.' कलम दुसरे, प्रयाण : 'आरक्षण उघडताच.'