चमत्कार उधार, हिशेब रोख

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी २०२६

ती. अण्णा आणि सौ. काकू यांना,


तुमचा प्रश्न पोचला. प्रश्न असा की, नोकरीधंद्याची, पोराबाळांची, गुडघे दुखायला लागलेली माणसं तिकडं रात्र रात्र जागून रॉकेटं आणि परग्रहाच्या मालिका कामून बघायलेत? प्रश्न रास्त आहे. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर तुमचा पूर्वपक्षच इतका लांबतो की उत्तरपक्षाला रेंज उरत नाही. म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे: ही माणसं चमत्कार बघत नाहीत. चमत्कार पहिल्या तासात घडून जातो. त्यानंतरचे सगळे तास ती माणसं त्याचा रोजमेळ तपासत बसलेली असतात. जमा किती, नावे किती, तूट कुठं आली आणि ती कुणी लपवली, हाच त्यांचा खरा आनंद. ज्याने उभा जन्म देगलूरच्या मोंढ्यात आडतीच्या वह्या लिहिण्यात घालवला, त्याने या छंदाला पोरखेळ म्हणावं, हे काही पटत नाही.

सध्या इकडं ज्या मालिकेचं खूळ आहे ती घ्या. नाव ‘प्लुरिबस’. ७ नोव्हेंबर २०२५ ला ॲपलच्या वाहिनीवर सुरू झाली आणि नऊ भागांत तिचं पहिलं पर्व आटोपलं. करणारा विन्स गिलिगन, म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’वाला. गोष्ट अशी: सहाशे प्रकाशवर्षांवरून रेडिओवर एक संदेश येतो. शास्त्रज्ञ त्याची फोड करतात, तर तो एका विषाणूची कृती निघतो. शहाणपणाने ती कृती प्रयोगशाळेत करून बघतात, आणि व्हायचं ते होतं. जगातल्या सगळ्या माणसांची मनं एक होतात. एकाला कळलं ते सर्वांना कळलं. भांडण नाही, चोरी नाही, खोटं बोलणं नाही. या एकीतून जगभरात फक्त तेरा माणसं सुटतात. त्यांतली एक कॅरल स्टर्का, प्रेमकथा लिहून पैसे मिळवणारी आणि कुणाशीच धड न बोलणारी बाई. काम रिया सीहॉर्नने केलंय. काकूंसाठी सोपं करून सांगायचं तर सगळ्या जगाचं एकत्र कुटुंब झालंय आणि एकच सून ‘माझी चूल वेगळी’ म्हणून अडून बसलीय.

इथपर्यंतचा चमत्कार पहिल्या भागातच उरकतो. आता तुम्हीच सांगा, पुढचे आठ भाग कशावर निघाले असतील? परग्रहावरचे राक्षस येत नाहीत, तोफा धडाडत नाहीत. निघाले ते किराण्यावर. ही एक झालेली माणसं जीव घेऊ शकत नाहीत. कोंबडीचा नाही, बकऱ्याचा नाही, इतकंच काय, झाडाला लागलेलं सफरचंदही तोडू शकत नाहीत. आपणहून गळून पडलं तर खातील. सातशे कोटींवर तोंडं, आणि तोडणी-कापणी बंद! बघणाऱ्यांच्या डोक्यात पहिल्याच आठवड्यात भुंगा सुटला की हे लोक जेवतात काय. मालिकेने त्याचं उत्तर लगेच दिलं नाही. कॅरलला ते सापडतं कचऱ्यात. शहरभर रिकाम्या पेट्या पडलेल्या असतात त्या फक्त दुधाच्या, दुसरं काहीच नाही, आणि तिथून ती माग काढत जाते. त्या पेट्यांत नेमकं काय होतं ते इथं लिहीत नाही, पत्र काकू जेवणाच्या वेळी वाचतील. पण खून नाही, दरोडा नाही, पुरवठ्याच्या हिशेबातली एक विसंगती, आणि तेवढ्यावर लाखो माणसं आठवडाभर जीव टांगणीला लावून बसली, हे लक्षात घ्या.

विजेचंही तसंच. ही एकी काटकसरी आहे. रात्री कुणाला उजेडाची गरज नाही म्हणून अख्ख्या शहराचे दिवे बंद करते. एकट्या कॅरलने आरडाओरडा केला की दिवे पुन्हा लागतात. भारनियमन रद्द व्हायला एक तक्रार पुरते, हे बघून मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला ही मालिका विज्ञानकथा असल्याची पक्की खात्री पटते.

एकाच मालिकेवरून निवाडा नको म्हणाल, म्हणून जुना दाखला देतो. ‘द एक्सपॅन्स’ नावाची मालिका डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. तीत मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांवर माणसांची वस्ती आहे. सेरेस नावाच्या गोळ्यावर साठ लाख लोक राहतात, आणि त्यांना पाणी नाही. गोळ्यावरचा बर्फ पृथ्वी-मंगळवाल्यांनी आधीच उपसून नेला. आता शनीच्या कड्यांतला बर्फ तोडून जहाजाने आणतात, मापून वाटतात, आणि चोरणाऱ्याला लोक तिथंच धरतात. पहिल्याच भागात असं एक बर्फवाहू जहाज फुटतं आणि पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहवाले असं तिघांत युद्ध पेटायची वेळ येते. एका टँकरपायी! ज्यांनी उन्हाळ्यात गल्लीत टँकर उशिरा आल्यावर काय होतं ते पाहिलंय, त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. (याच मालिकेत साडी नेसून संयुक्त राष्ट्रांचा कारभार हाकणारी आणि तोंडाने अर्वाच्य शिव्या देणारी एक म्हातारी आहे. काकूंना साडी आवडेल.)

या मालिकेचं पहिलं पर्व २०१६ च्या फेब्रुवारीत संपलं, आणि एप्रिलमध्ये आपल्या लातुरात काय चाललं होतं ते आठवा. मांजरा धरण कोरडं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. मग ठरलं की मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात टाकीच्या वाघिणी वाफेने धुऊन काढल्या, मिरजेला कृष्णेचं पाणी भरलं आणि सव्वातीनशेहून जास्त किलोमीटर ओढत १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचवली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ आली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. आता यात चमत्कार कुठला होता? रेल्वे काही नवी नाही, पाणीही नवं नाही. पण सगळा देश टक लावून बघत होता तो आकडेच. एका वाघिणीत किती मावतं, भरायला किती वेळ, उतरवायला किती, माणशी किती येतं. ‘एक्सपॅन्स’चे चाहते नेमकं हेच करतात, फक्त मिरजेच्या जागी शनी घाला. २०१८ साली तिसऱ्या पर्वानंतर वाहिनीने मालिका बंद केली, तेव्हा लाखावर लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि काहींनी वर्गणी काढून ‘मालिका वाचवा’ असा फलक शेपटाला बांधलेलं विमान ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून फिरवलं. ॲमेझॉनने ती घेतली आणि आणखी तीन पर्वं काढली. नुसत्या रोषणाईसाठी कुणी एवढी पदरमोड करत नाही. रोषणाई दुसरीकडं फुकट मिळते.

तरी तुम्ही म्हणाल की उगं सांगू नकोस, लोकांना भव्य-दिव्यच आवडतं, सिनेमावाल्यांना विचार. आवडतं, नाकारत नाही. पण भव्य-दिव्य पुढच्या वर्षी शिळं होतं आणि नियम शिळा होत नाही. १९६६ ची ‘स्टार ट्रेक’ घ्या. आपल्याकडं दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात लागायची. यानातली माणसं उभ्या जागी झगमगत अदृश्य व्हायची आणि ग्रहावर प्रकट व्हायची. ती युक्ती काढली का, तर दर आठवड्याला ग्रहावर यान उतरताना दाखवायचा खर्च परवडत नव्हता! म्हणजे मुळात चमत्कारच खर्चाच्या रकान्यातून जन्माला आला. आज ते पुठ्ठ्याचे खडक बघून मुलं हसतात, पण त्या युक्तीने काय होऊ शकतं आणि काय नाही, यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत.

दुसरा आक्षेप तुमचा हातखंडा, की हे सगळं आपल्या पुराणात आहे. आहे, आणि तिथंही मला माझाच पुरावा सापडतो. पुष्पक विमानात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामीच राहायची, असं आपण ऐकत आलो. ऐकून हात जोडतो आणि पुढं जातो, कारण त्या जागेला नियम नाही. याउलट द्रौपदीची थाळी बघा. थाळीला अट आहे: द्रौपदी जेवेपर्यंतच अन्न, ती जेवली की त्या दिवसापुरतं बंद. आणि दुर्वास शिष्यांचा तांडा घेऊन येतात ते नेमके ती जेवल्यावर! थाळी सूर्याने दिली हे पोरं विसरतात, पण ती अट आणि तळाला चिकटलेलं भाजीचं एक पान कुणी विसरत नाही. गोष्ट सांगणाऱ्याने अट घातली म्हणून पेच पडला, आणि पेच पडला म्हणून पोरं झोपली नाहीत. थाळीच्या गोष्टीला विज्ञानकथा म्हणायचा माझा आग्रह नाही. पण ती ऐकणारा आणि ‘प्लुरिबस’ बघणारा एकाच जातकुळीचा, एवढं म्हणेन.

मराठीत ही गोडी कुणी लावली हेही सांगायला हवं. गेल्या वर्षी २० मेला जयंत नारळीकर गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्याच आद्याक्षरांची उलटापालट करून, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून गुण देऊ नयेत. बक्षीस मिळालं. त्यांच्या ‘धूमकेतू’त आकाशातलं संकट येतं हे खरं, पण खरी रंगत घरातली आहे: धूमकेतूला वळवलं शास्त्रज्ञांच्या खटाटोपाने, आणि श्रेय घेतलं घरच्यांनी केलेल्या शांतीने. काम एकाने करायचं आणि खात्यात जमा दुसऱ्याच्या, हा घोटाळा मोंढ्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

एक आक्षेप मात्र वजनाचा आहे. देगलूर हे गुंडा महाराजांचं, धुंडा महाराजांचं गाव. तिथं कुणी म्हणेल की सगळी मनं एक झाली, मीपण गेलं, मग या कॅरलची तक्रार तरी काय? संतांनी दुसरं काय सांगितलं? याला मालिकेचं उत्तर प्रवचनाचं नाही, पुन्हा खतावणीचं आहे. ती एकी घडताना ८८ कोटींहून जास्त माणसं मेली. कॅरलची जोडीदारीणही त्यात गेली. एकीच्या तोंडून हा आकडा अगदी शांतपणे सांगितला जातो, कारण ती खोटं बोलत नाही. आनंदाचं बिल टेबलावर ठेवलेलं असतं आणि ते कॅरलला न विचारता तिच्याही नावावर फाडलेलं असतं. शिवाय आपल्या संतांनी देवाशी एकरूप व्हायचं म्हणताना त्याच्याशी भांडायचा हक्क सोडला नव्हता. जनाबाईने विठ्ठलाला कमी सुनावलंय का? या एकीत सुनवायला समोर कुणी उरतच नाही.

मालिका फार संथ आहे ही तक्रार मात्र मला निम्मी मान्य आहे. काही भागांत बाई गाडी चालवते, दार उघडते, दार लावते. पण हिशेब दाखवायचा तर वेळ लागणारच. सौद्याची बोली क्षणात होते, मापाला दुपार जाते.

चाहत्यांचा आणखी एक गुण तुमच्याशी जुळतो: चूक सापडली की ते नाराज होत नाहीत, फुलतात. लेखकाला एक खोटी नोंद माफ असते, दुसरी नाही. ‘एक्सपॅन्स’मध्ये जवळजवळ इंधनच न खाणारं एक इंजिन आहे, ते सगळ्यांनी मुकाट सोडलं. पण २०१५ मध्ये नासाचं ‘डॉन’ यान खऱ्या सेरेसपाशी पोचलं आणि तिथल्या कवचात भरपूर बर्फ असल्याचं दिसत गेलं, तेव्हा शनीपर्यंत जायची गरजच काय, यावर जुंपली. ‘प्लुरिबस’मध्ये माझीही एक हरकत आहे. कॅरलचा कचरा न्यायला एकी ड्रोन पाठवते, पिशवी जड भरते आणि ड्रोन दिव्याच्या खांबाला अडकून कचरा रस्ताभर करतो. जगातल्या सगळ्या अभियंत्यांची अक्कल एका डोक्यात असताना पिशवीचं वजन कुणी केलं नाही? आपल्या नगरपालिकेची घंटागाडी असली चूक करणार नाही. ती येणारच नाही, ही गोष्ट वेगळी.

आता तुमच्याकडं एक काम आहे. इकडच्या लोकांचा सफरचंदावर फार जीव, पण सफरचंदावर जग जगत नाही. आपल्याकडचं सोयाबीन काढणीला उशीर झाला की शेंगा तडकून दाणे आपणच रानात सांडतात. म्हणजे त्या एकीच्या नियमात सोयाबीन बसतं! तुरीचं आणि हरभऱ्याचं काय होईल याचा मला अंदाज नाही. तेव्हा विळा अजिबात न लावता, नुसतं सांडलेलं वेचून, उंदीर-पाखरांचं वजा जाता, एकरी किती पदरात पडेल ते पिकानुसार लिहून पाठवा. पेरणी करणं हिंसेत मोडतं की नाही याचा खुलासा मालिकेने अजून केलेला नाही, तेव्हा सध्या पेरणी होते असं धरून चला. दुसरं पर्व यायला अवकाश आहे. तोवर आकडा हाती आला तर बरं.

मुलांचा नमस्कार. काकूंनी गुडघ्याला तेल लावायचं विसरू नये.

आपला पुतण्या