अद्भुत कादंबरीकाराने मित्रांसह वसई-विरार पायी कसे पाहावे

निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. चालल्याने अद्भुत सुचते, याला मराठी वाङ्मयात फारसा आधार नाही. ‘वीरधवल’कार नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले, कमरेखालचे अंग लुळे पडले आणि त्यानंतर ते कादंबऱ्या लिहू लागले. ही माहिती बरोबरच्या मित्रांना देऊ नये. एखादा मदतीला पुढे होईल.

मित्र कसेही निवडले तरी तीन येतातच. एक परतीच्या गाडीची वेळ सांगत राहतो. दुसरा प्रत्येक दगडापुढे उभा राहून स्वतःचा फोटो काढवून घेतो. तिसरा “इंग्रजीत हे सगळं कधीच येऊन गेलंय” असे म्हणतो. तिसऱ्याला टाळू नये, त्याच्या हाती सुकेळ्यांची पिशवी द्यावी. आपल्या कादंबऱ्यांतले वीर महिनोन्‌महिने अरण्यातून चालतात, पण खातात काय, हे लेखक सांगत नाही. राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवण्याची विद्या आगाशीच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या येते. सुकेळे टिकते, ओझे होत नाही आणि ते चावत असताना माणसाला इंग्रजी कादंबऱ्यांवर बोलता येत नाही.

गाडी सकाळची धरावी. त्या वेळी चर्चगेटहून विरारकडे जाणारी लोकल रिकामी असते, खिडकी मिळते, संग्राम घडत नाही. कादंबरीत युद्धाचे प्रकरण लिहायचे राहिले असेल, तर मात्र संध्याकाळी दादरहून विरार फास्ट पकडावी आणि आपल्याला बोरिवलीला उतरायचे आहे असे डब्यात मोठ्याने सांगावे. पुढचे वर्णन आपोआप होते.

पहिला मुक्काम नालासोपारा पश्चिम. रिक्षावाल्याला स्तूप म्हणून सांगावे, नाहीच कळले तर बुरुडराजाचा कोट म्हणावे. हे नाव ऐकून तिथे राजवाडा असेल अशी आशा मित्रांना वाटू द्यावी. प्रत्यक्षात विटांचे एक उंचवटेवजा बांधकाम आहे. “एवढंच?” हा प्रश्न येईल. तो आला की सर्वांना सावलीत बसवून १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथे काय खणून काढले, ते सावकाश सांगावे. आत दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती ब्राँझच्या ८ लहान मूर्ती. तांब्यात चांदीचा करंडक, चांदीत दगडाचा, दगडात स्फटिकाचा, स्फटिकात सोन्याचा. इथे थांबून मित्रांना विचारावे, सोन्याच्या डबीत काय असेल? एक म्हणेल हिरा, दुसरा म्हणेल शापित अंगठी. आपल्यापैकी कुणीही तेच लिहिले असते. सोन्याच्या डबीत सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याच्या १३ बारीक खापऱ्या होत्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या, असे भगवानलालांनी मानले. सगळी धातुविद्या पणाला लावून शेवटी खापरी ठेवणारा तो अनामिक कथाकार आपल्या जातीचा होता आणि आपल्याहून वरचा होता, हे लेखकाने मनातल्या मनात मान्य करावे. ऐवज मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेला, त्यामुळे मित्रांना कोटात दाखवायला विटाच उरतात.

वसईचा किल्ला स्टेशनापासून बराच दूर आहे. तिथवर बसने जाण्यात पदयात्रेचा भंग होत नाही. उलट बसमध्ये लेखकाने कान उघडे ठेवावेत. कादंबरीतल्या जमातींसाठी घरी बसून नवनव्या भाषा रचणाऱ्यांनी आधी एका फेरीत कुपारींची कादोडी, वाडवळी आणि कोळ्यांची बोली ऐकावी. मग आपल्या यक्षभाषेतले व्याकरण किती पुस्तकी आहे ते कळते.

किल्ला १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आला आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो घेतला. छप्पर नसलेली चर्चे, तटात मुळे रोवून बसलेली झाडे, माणसांशिवाय उभ्या कमानी हे सगळे इथे तयार आहे. लेखकाचे काम फक्त चुकीचे अर्थ न काढण्याचे. पडक्या चर्चमधून जांभळा धूर येताना दिसला, तर तो अग्निमुखी नागाचा नाही. प्रीवेडिंगचे शूटिंग चालू आहे. जमिनीवर दहा हात लोळणारा झगा घातलेली राजकन्या दिसली, तर तिला संकटातून सोडवायला धावू नये. तिचे संकट समोर ब्लेझर घालून उभे आहे आणि फोटोग्राफरचे पैसे आगाऊ दिलेले आहेत.

कथानक हवेच असेल तर इथल्या चर्चांच्या घंटांचे घ्यावे. मराठ्यांच्या विजयानंतर त्या दूरदूर पांगल्या. एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीला, एक भीमाशंकराला. दर खंडात एक घंटा शोधली तरी मालिका सहज दहा वर्षे चालते. फोटोवाल्या मित्राला हे पटते. लगेच नाशिकला जाऊ, असे तो म्हणतो. गाडीवाला मित्र त्याला आवरतो, तेवढ्यासाठीच तो बरोबर असावा.

पुढे विरारला जीवदानीचा डोंगर चढायचा की नाही, हे पायऱ्यांकडे वर बघून प्रत्येकाने ठरवावे. त्या हजाराहून अधिक आहेत. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर असल्याने होडी लागते. तिथे मित्रांपैकी कुणीतरी बाबूराव अर्नाळकरांची आठवण काढतो. हजारावर रहस्यकथा लिहिल्या बाबूरावांनी, आणि तुझी पहिली कादंबरी कितव्या प्रकरणावर आहे? असा प्रश्न होडीत विचारला जातो, कारण तिथून लेखकाला कुठे जाता येत नाही. अशा वेळी समुद्राकडे पाहावे आणि ओहोटी कधी, असे नाखव्याला विचारावे.

परतताना कथानक ऐकव, असा आग्रह होईल. ऐकवू नये. सोपाऱ्याच्या जुन्या बंदराचे नाव धारण करणाऱ्या सुप्पारक जातकातला आंधळा नाविक हिऱ्यांच्या समुद्रातून जहाज नेतो, पण व्यापाऱ्यांना पाण्यात हिरे आहेत हे सांगत नाही. हावरटपणे भरतील आणि जहाज बुडवतील, हे त्याला ठाऊक असते. मित्रांचेही तसेच. एक युद्ध वाढवायला सांगतो, दुसरा नायिका, तिसरा सगळे इंग्रजीत येऊन गेल्याचे सांगतो, आणि वसई रोड यायच्या आत तिघेही एकच विचारतात: “यात मी कोण?” राजा, असे सांगावे. तिघांनाही, पण वेगवेगळे गाठून.