नाणं आणि विलो

शिवाजी पार्कात रमाकांत आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचं ते नाणं. कुणालाच जमलं नाही, तर सचिनचं. आता नाणं ठेवायचं खातं पालकांकडे आलंय आणि ते स्टंपवर मावत नाही.

अकादमीची फी वेगळी, टर्फची वेगळी, ‘पर्सनल कोचिंग’ची त्याहून वेगळी. इंग्लिश विलोची बॅट आणावी, तर आधी तिला तेल पाजा, मग लाकडी हातोडीनं ठोकठोक ठोका. बॅट खेळायला तयार होते, तोवर चिरंजीवांची उंची वाढून ती आखूड पडलेली असते.

हिशेब काढला की बाबांचं उत्तर तयार : वैभव सूर्यवंशी! तेराव्या वर्षी, २०२४च्या आयपीएल लिलावात, १ कोटी १० लाख!

कल्याणच्या प्रणव धनावडेनं २०१६मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा ठोकल्या. वडील रिक्षाचालक. आयपीएल काही त्याच्या दारी आली नाही. हे नाव निघालं, की बाबांना अचानक नेटची वेळ आठवते.

आयपीएलचे संघ दहा, प्रत्येकी खेळाडू फार तर २५, त्यांत परदेशी आठपर्यंत. आईनं मात्र दहावीच्या क्लासची फी गुपचूप भरून टाकली आहे. तीही हप्त्यांनी, कारण पहिला हप्ता हेल्मेटमध्ये गेला.